दिवेमामांच्या टाकीतला विदूषक

पडदा वर जातो. दुसऱ्या मजल्यावरची एक खोली. समोर रुंद खिडकी. खिडकीच्या डाव्या अंगाला पलंग, त्यावर घडी घातलेली दोन पांघरुणं. उजवीकडे स्वयंपाकघराचं दार, आणि त्या दारात, अर्धं आत अर्धं बाहेर, एक शिलाई मशीन. त्याला वळसा घातल्याशिवाय या घरात कुणाला पाणीसुद्धा पिता येत नाही. आणि खिडकीच्या उजव्या अंगाला, घरातल्या सगळ्यात चांगल्या जागेवर, लोखंडी घडवंचीवर ठेवलेली तीन फुटांची काचेची टाकी. टाकीत पाणी असावं असा नुसता अंदाज करायचा, कारण दिसतं ते हिरवंगार रान. त्या रानाला नाक लावून, चष्मा कपाळावर सरकवून, एक उंच, वाळका, पांढऱ्या केसांचा माणूस वाकून उभा आहे.

हे दिवेमामा. मशीनवर बसून कुणाच्या तरी पँटची उसवण शिवत आहेत त्या मामी.

"सापडला का?" मामींनी मान वर न करता विचारलं.

"सापडेल."

"कालही हेच म्हणाला होतात."

"काल डाव्या बाजूला शोधत होतो. आज उजव्या."

मामींनी दाताने दोरा तोडला. "अहो, एका टाकीत एक मासा. तो सापडत नाही म्हणजे तो लपलाय, नाहीतर तुमच्या त्या झाडांनी खाल्लाय."

मामा काचेवरून आणखी उजवीकडे सरकले. पण ही साधी चेष्टा नव्हती. त्या माशावर टाकीचं घरात राहणं अवलंबून होतं, आणि हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

ते कसं, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

दिवेमामांचं सगळं आयुष्य नाट्यगृहाच्या छताखालच्या अरुंद फळीवर गेलं. दिवे लावणं, वळवणं, मंद करणं, हे त्यांचं काम. प्रेक्षकांना नटांचे चेहरे पाठ असत, मामांना त्यांची टकलं पाठ. वरून बघून ते सांगत, अमका आज विग सैल लावून आलाय. कुणी नट पहिल्या अंकात ढेपाळला, तर मामा त्याच्यावरचा उजेड कणभर वाढवत. "पडेल असं वाटलं की उजेड द्यायचा. माणूस उभा राहतो," असं ते म्हणत. आणि खरंच कितीजण उभे राहिले.

कंपनीच्या नायकाला सगळे 'राजे' म्हणत. या राजांना शेवटच्या अंकात मरायचं असे, पण मरायची जागा रोज नवी. कधी पायरीवर, कधी सिंहासनापाशी. मात्र कुठेही कोसळले तरी कोसळताना एक डोळा किलकिला करून उजेड कुठे आहे ते बघून घेत आणि बरोबर त्यात येऊन पडत. मामा वरून हसत. पण एकदा प्रयोग चालू असताना पडद्याआड, काळोखात, कंपनीचा जुना प्रॉम्प्टर हातातली संहिता छातीशी धरून खाली बसला तो उठेना. समोर टाळ्या चालू होत्या. कुणाच्या लक्षात आलं नाही. आलं ते फक्त मामांच्या. ते शिडीवरून धावत उतरले, आणि तो माणूस वाचला. नंतर कुणी विचारलं, मामा, तुम्हाला कसं कळलं, तर ते म्हणाले, "उजेडाकडे पाठ करून पडला होता."

त्याच नाट्यगृहाच्या दर्शनी दालनात ही टाकी होती. तिच्यातला सगळ्यांचा लाडका म्हणजे केशरी अंगावर तीन काळे पट्टे असलेला एक मासा, त्याचं नाव विदूषक. त्याला एक खोड होती. लहर आली की काचेजवळ येऊन कुशीवर पडायचं, कल्ले हलवायचे नाहीत, डोळा उघडा, थेट मढं. नवीन प्रेक्षक ओरडत, "अहो, मासा मेलाय!" दारावरचा माणूस तिकीट फाडत म्हणे, "उठेल. तिसरी घंटा होऊ द्या."

नाट्यगृह बंद झालं. खुर्च्या विकल्या, पडदे वजनावर गेले, बाकीचे मासे कुणी कुणी नेले. म्हातारा विदूषक मात्र कुणालाच नको होता. मामा तो घेऊन घरी आले, टाकीसकट, आणि सगळ्या कंपनीने मिळून भेट दिलेला एक छोटा दिवा काखेत मारून.

मामी दारात कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

खिडकीची ती जागा त्यांनी स्वतःच्या मशीनसाठी हेरून ठेवली होती. आयुष्यभर त्या दाराच्या अंधारात बसून लोकांचे कपडे लहानमोठे करत आल्या होत्या. आता सुईत दोरा ओवायला त्यांना तीनतीनदा थुंकी लावावी लागे. नवरा निवृत्त झाला की मशीन उजेडात न्यायचं, हे ठरलेलं होतं. निदान त्यांच्या मनात.

त्यांनी टाकीकडे बघितलं, माशाकडे बघितलं, मग नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं, आणि वाद घातला नाही. फक्त म्हणाल्या, "हा आहे तोवर टाकी. हा गेला की दुसऱ्या दिवशी तिथे माझं मशीन. कबूल?"

"कबूल," मामा म्हणाले. त्या क्षणापासून त्यांनी मनाशी गाठ मारली की हा मासा काही केल्या मरू द्यायचा नाही.

आधी पाणी हिरवट झालं. मामा कोपऱ्यावरच्या टाकीवालीकडे गेले. ही बाई सदा शेंगदाणे खात बसलेली असे आणि गिऱ्हाइकाला माशापेक्षा कमी मान देई. तिने विचारलं, "फिल्टर किती जुना?"

"नाट्यगृह बांधलं तेव्हाचा."

"मग तो नुसता घोरतो. त्याच्या भरवशावर राहू नका. झाडं लावा, भराभर वाढणारी. माशाची घाण तेच त्यांचं जेवण. पाणी स्वच्छ राहील." तिने तीन प्रकारची दिली. एक कोल्ह्याच्या शेपटीसारखं झुपकेदार, एक रिबिनीसारख्या लांब पातींचं, आणि एक पाण्यावर तरंगणारं, टिकलीएवढ्या पानांचं. "आणि दर आठवड्याला कापा. थोडं थोडं."

मामांनी सगळं नीट ऐकलं, शेवटचं सोडून.

घरी येऊन त्यांनी झाडं रोवली, दोन पावलं मागे सरून बघितलं. झाडं बिचारी मान टाकून उभी होती, पहिल्यांदा रंगमंचावर आलेल्या पोरींसारखी. मामांना राहवलं नाही. त्यांनी भेटीचा दिवा काढला, त्यात नवा बल्ब बसवला आणि हुकाला टांगून थेट टाकीवर सोडला. सकाळी लावलेला दिवा जेवणं आटोपून भांडी घासून झाली तरी चालूच.

मग काय विचारता. शेपटी चार दिवसांत पाण्याच्या वर आली. रिबिनी वर पोचून आडव्या पसरल्या. टिकल्यांनी तर कहर केला, एकीच्या दोन, दोनाच्या चार, आणि बघता बघता पाण्यावर हिरवी सतरंजी. मामा खूष. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "पाणी बघा कसं काचेसारखं!" येणारा म्हणे, "पाणी कुठंय?"

एका सकाळी मामी दूध तापवायला उठल्या तर विदूषक रिबिनींच्या वर, टिकल्यांत तोंड खुपसून भपाभप हवा खात होता. त्यांनी मामांना हलवून उठवलं. मामा सदरा उलटा घालूनच टाकीवालीकडे गेले.

"झाडं उजेडात हवा देतात, अंधारात घेतात," ती म्हणाली. "रात्रभर एवढं रान श्वास घेणार, आणि वरून तुम्ही पांघरूण घातलेलं. त्याने काय करावं? वरचं काढा. दिवा कमी करा."

मामांनी घरी येऊन हाताला लागली त्या गाळणीने टिकल्या काढायला सुरुवात केली.

"अहो! माझी चहाची गाळणी!"

"मासा गुदमरतोय!"

"मग आता चहा कशाने गाळू? तुमच्या टोपीने?"

टिकल्या गेल्या, मासा खाली गेला. दिवा कमी करायचा मात्र मामांच्या हातून होईना. उजेड कमी करणं म्हणजे नटाला शिक्षा, हे हाडीमाशी खिळलेलं. आणि मग त्या दाट रानात विदूषक जो शिरला तो दिसेनासाच झाला. खाणं टाकलं की नाहीसं होई, म्हणून मामा म्हणत, आहे. मामी म्हणत, ते झाडांबरोबर आलेल्या गोगलगायी खात असतील.

म्हणून ती सकाळ. म्हणून नाक काचेला.

मामींनी शिवलेली पँट झटकली, घडी घातली आणि उठून टाकीपाशी आल्या. "हे बघा. ठरलंय काय? मासा आहे तोवर टाकी. बरोबर?"

"बरोबर."

"मग मला मासा दाखवा. जिवंत. संध्याकाळपर्यंत. नाहीतर मी उद्या हमाल बोलावते."

मामा ताठ झाले. शर्टाच्या बाह्या दुमडल्या. "संध्याकाळ कशाला? दुपारीच दाखवतो."

त्यांनी मामींची कात्री मागितली. मामींनी दिली नाही. मग त्यांनी नख कापायच्या कात्रीने सुरुवात केली, तीही पुरेना, तेव्हा सरळ हातांनी. कोपरापर्यंत हात घालून मूठमूठभर शेपट्या उपटल्या. रिबिनी मुळांसकट ओढल्या, त्यांच्यामागून त्यांची पिल्लावळ दोरीला बांधल्यासारखी आली. तळची माती ढवळून निघाली. तेवढ्यावर थांबले असते तर मामा कसले? त्यांनी घोरणाऱ्या फिल्टरचा स्पंज काढून नळाखाली चोळचोळून पांढरा केला, काच पुसली, दगड घासले. उपटलेली झाडं मामींनी गॅलरीतल्या टबात पाण्यात टाकून ठेवली. "सोन्यासारखं खत आहे. कुंड्यांना घालीन."

दुपारी गाळ खाली बसला. उघड्याबोडक्या टाकीत, एकुलत्या एका दगडाआडून, विदूषक बाहेर आला. जाड झाला होता.

"हे घ्या," मामा म्हणाले. दमले होते, पण छाती वर.

मामींनी खाली वाकून बघितलं. "हं," म्हणाल्या. "आहे खरा." आणि पुन्हा दारातल्या अंधारात जाऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच आधी बघितलं. केर काढता काढता म्हणाल्या, "तुमचा नट पडलाय परत."

"पडू दे. सवय आहे त्याला," मामा पांघरुणातून म्हणाले.

"पाणी पण दुधासारखं दिसतंय आज."

मामा उठून बसले. चष्मा शोधला. टाकीपाशी आले. विदूषक कुशीवर पडला होता, डोळा उघडा, हुबेहूब नेहमीसारखा. पण मामा वाकून बघतच राहिले.

"काय झालं?"

"हा नेहमी कुठे पडतो?"

"इथे पुढे. काचेपाशी."

"दिव्याखाली. आपल्या समोर. आज बघ कुठे पडलाय." तो टाकीच्या पाठीमागच्या कोपऱ्यात होता, फिल्टरच्या नळीआड, तोंड भिंतीकडे. कल्ले भात्यासारखे चालले होते, रंग उतरला होता. "हे नाटक नाही," मामा म्हणाले.

टाकीवालीने दुकानाचं दार नुकतंच उघडलं होतं. सगळं ऐकून तिने शेंगदाणे बाजूला ठेवले, ही फार मोठी गोष्ट. "घाण कोण खात होतं? झाडं. आणि जो काही थोडा काम करत होता तो फिल्टरचा स्पंज. झाडं काढलीत, स्पंज धुतलात, तळ ढवळलात. आता ती घाण कोण खाणार? तुम्ही? मी म्हटलं होतं ना, थोडं थोडं?"

"म्हटलं असशील," मामा म्हणाले.

"पाणी बदला. पण सगळं नाही. आत्ता तिसरा हिस्सा, संध्याकाळी थोडं, उद्या पुन्हा. नळाचं एकदम ओतू नका, या बाटलीतलं औषध त्यात घाला, हाताला तेवढंच कोमट लागू द्या. हा हवेचा पंप न्या, परत आणून द्या. दिवा बंद. आणि झाडं. ती असतील तर परत लावा. नसतील तर..." तिने पंप मामांच्या हातात दिला.

घरी येताना मामांना जिन्यात धाप लागली. त्यांना आठवलं ते स्वतःचंच शिकवणं. नवीन पोरं दिवे शिकायला येत तेव्हा ते त्यांच्या हातावर चापट मारत. दिवा असा फटकन घालवायचा नाही. ओढत आणायचा, इतका सावकाश की प्रेक्षकाला कळू नये कधी काळोख झाला. फटकन घालवलास की डोळे फुटतात लोकांचे. आयुष्यभर हे सांगितलं, आणि स्वतःच्या टाकीत मात्र एका दुपारी सगळे खटके खाली.

दार उघडलं तर मामी गॅलरीतून आत येत होत्या. हातात टब, टबात सगळी झाडं. पदर खोचलेला.

"तू काय करतेस?"

"दिसत नाही? झाडं आणतेय. रात्रभर पाण्यातच होती, काही झालेलं नाही त्यांना."

मामा तिथेच थांबले. "अगं, पण तो गेला तर तुझी जागा..."

"जागा मला हवीय," मामी म्हणाल्या. "अशी नकोय. बादली उचला."

दोघांनी मिळून पाणी काढलं. मामा बादल्या वाहत, मामी मनगट बुडवून कोमटपणा बघत आणि औषध मोजून घालत. शेपट्यांना मुळं नसतात, त्या तरंगून वर येत होत्या. तेव्हा मामींनी काजाचा जाड दोरा घेतला, पाचपाच शेपट्यांची जुडी बांधली आणि प्रत्येकीला गॅलरीतल्या कुंडीतला धुतलेला गोटा. "बूड पिवळं पडलंय ते टाकून द्यायचं," त्या आपणहून म्हणाल्या, "शेंडा ठेवायचा. जुन्या कापडाचं तेच असतं, झिजलेला भाग कापायचा, चांगला वापरायचा." आणि त्यांनी कात्री घेतली. स्वतःची, कपड्याची, जिला हात लावायची मामांची कधी टाप नव्हती.

मग सुरू झाला मामांचा हट्ट. त्यांनी स्टूल टाकीसमोर ठेवलं आणि त्यावर बसले. सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी. गुडघे वाजत, बादली दोनदा पायावर सांडली, तरी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. हवेचा पंप रात्रंदिवस गुरगुरत होता. मामींना शेजारच्या घरात सुई पडली तरी जाग येते, पण त्या पंपाबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. शेजारचे एक गृहस्थ डोकावले आणि म्हणाले, "मामा, एवढ्याशा माशासाठी काय जीव काढताय? नवा घ्या, तस्साच मिळतो."

"तुमच्याऐवजी शेजारी नवा घेऊ का?" मामा म्हणाले. "तस्साच मिळतो."

विदूषक नळीआडच होता. पण तोंड भिंतीकडून थोडं फिरलं. मग एके दिवशी पाणी निवळलं. मग कल्ल्यांची घाई थांबली. मग त्याने एक गोगलगाय फोडून खाल्ली, तो कटकन आवाज मामांनी मशीनच्या खडखडाटातून ऐकला. शेपट्यांना पोपटी शेंडे फुटले. मामा आता दर आठवड्याला कापत, पण एकाच बाजूचं, तेही थोडं. या आठवड्यात डावी, पुढच्या आठवड्यात उजवी. मध्ये एक वाट मोकळी ठेवलेली, पलंगावरून थेट मागच्या काचेपर्यंत नजर जाईल अशी. शेवटच्या रांगेतल्यालासुद्धा नट दिसला पाहिजे. जास्तीचे शेंडे टाकीवालीला जात. त्याबदल्यात तिने पंप परत मागितला नाही.

आणि एका दुपारी, मामी चहाचे कप घेऊन येत होत्या (नवीन गाळणी, वर टांगलेली, मामांच्या हाताला लागणार नाही अशी), तर विदूषक पुढच्या काचेपाशी. कुशीवर. डोळा उघडा. थेट मढं.

मामींनी कप खाली ठेवले. वाकून बघितलं. "नाटकी मेला," त्या म्हणाल्या, आणि मामांकडे न बघता म्हणाल्या, "बाजी तुमची. राहू द्या टाकी."

मामांनी चहा संपवला, कप विसळला, जे ते कधी करत नसत, आणि पलंगाच्या उशाकडे जाऊन उभे राहिले. खिडकीच्या डाव्या अंगाची ती त्यांची झोपायची जागा. वारा येतो, स्वयंपाकघराचा आवाज येत नाही, म्हणून लग्नापासून त्यांनी ती सोडली नव्हती.

"पाय धर," ते म्हणाले.

"कुणाचे?"

"पलंगाचे. स्वयंपाकघराच्या भिंतीला जाईल तो. तुझं मशीन इथे."

"अहो, तिथे भांड्यांचा आवाज येतो! पहाटे उठून मी आदळआपट करते, तुम्हीच म्हणता."

"आयुष्यभर टाळ्यांच्या आवाजात जेवलो मी. धर."

पलंग ओढताना फरशीवर ओरखडे उठले. खालच्या मजल्यावरून कुणीतरी काठीने छत ठोकलं. मशीन सरकवताना त्याचं चाक अडलं, मामांनी त्याला शिवी दिली, मामींनी मामांना दिली. शेवटी मशीन खिडकीखाली आलं, टाकीला खेटून. मामी मशीनवर बसल्या. पायडल दाबून बघितलं. सुई वर घेतली, दोरा घेतला. संध्याकाळ होत आली होती, खिडकीतला उजेड उतरत होता. एकदा दोरा ओवायला गेल्या, चुकला. दुसऱ्यांदा चुकला.

मामांनी हुकावरचा दिवा लावला. बऱ्याच दिवसांनी. टाकीला एवढा नकोच होता, ते आता त्यांना कळलं होतं. त्यांनी फडकं गुंडाळून दिव्याची मान धरली आणि वळवायला लागले, अगदी सावकाश, ओढत. उजेड पाण्यावरून सरकला, शेपट्यांच्या शेंड्यांवरून, विदूषकाच्या केशरी पाठीवरून, काचेबाहेर आला, मशीनच्या काळ्या अंगावर चढला आणि मामींच्या बोटांवर येऊन थांबला. अर्धा त्यांच्यावर, अर्धा टाकीत.

मामींनी दोरा पुन्हा पुढे नेला.

"जरा इकडे करा," त्या म्हणाल्या. "सुईच्या भोकावर."

मामांनी दिवा एक केस हलवला. मग हात काढून घेतला, दोन पावलं मागे सरले, डोळे बारीक केले, वरून बघायची सवय म्हणून स्टुलाच्या कडेवर एक पाय ठेवून उंच झाले, आणि म्हणाले, "हलू नकोस. आत्ता उजेड बरोबर पडलाय."